कुरणाला चुना

“हितं मासं न्हाईत वो साहेब,” माझ्या डोक्यावरून आवाज आला. “नदी खाली चार मैलांवर हाय.”

मी फूटभर खोल खड्ड्यात तोंड घालून बसलो होतो. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात काचेची बरणी, शेजारी वही. वर पाहिलं तर ठकूबाई झोरे काठीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे त्यांच्या सहा म्हशी. सातही जणी माझ्याकडे बघत होत्या. त्या भागात गांडुळाला काडू म्हणतात, आणि काडू उकरणारा माणूस म्हणजे गळ टाकायला निघालेला माणूस, हा सरळ हिशेब होता.

“मासे नाही मावशी. संशोधन चाललंय.”

“किती गावले काडू?”

“अजून एकही नाही.”

“मग कसलं चाललंय?”

मी गंभीर चेहरा करून वहीत शून्य लिहिलं आणि शून्याखाली रेघ मारली. रेघ मारली की शून्याला वजन येतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

गोष्ट एकोणनव्वद सालच्या भाद्रपदातली. मी तेवीस वर्षांचा, मिरजेचा, शेतकी पदवीधर. एका गवत-संशोधन केंद्रात तात्पुरता साहाय्यक म्हणून लागलो होतो. आमचे प्रमुख मुतालिक सर. घाटमाथ्यावरची जांभ्याची तांबडी माती पावसानं धुऊन धुऊन आम्लधर्मी होते. तिच्यात चांगलं गवत येत नाही, गांडुळं टिकत नाहीत, पडलेलं शेण महिनोन्‌महिने तसंच राहतं. अशा मातीत चुना घातला तर ती सुधारते, हे पुस्तकात होतं. सरांचा प्रश्न त्यापुढचा होता. केळंब्याच्या धनगरवाड्यावरच्या कुरणात ऐनाची नऊ जुनी झाडं होती. नुसत्या चुन्यानं जर उघड्या कुरणातली माती जिवंत होत असेल, तर ती झाडं काढून, जमीन नांगरून, नवं गवत पेरता येईल का?

हा प्रश्न होता. मी मात्र त्याचं उत्तर सरांच्या चेहऱ्यावर वाचून मोकळा झालो, आणि मातीनं ते तसंच द्यावं अशी अपेक्षा धरून बसलो.

वाड्यावर पाऊल ठेवलं तेव्हापासूनच माझे ग्रह उच्चीचे होते. पहिल्याच दिवशी वाड्यावरच्या सातही घरांची माणसं अंगणात जमली होती. मी घसा खाकरून म्हणालो, “मंडळी, मी तुमच्या कुरणाला चुना लावायला आलोय.”

एक म्हातारा उठून चालायला लागला. मग बायकांतून ठकूबाई फिस्सकन हसल्या.

“बरं हाय की! ह्यो निदान सांगून तरी लावतोय. आदुगरचं साहेब न सांगता लावून गेलं.”

त्यानंतर मी “चुना घालायला”, “चुना मिसळायला”, असे नाना प्रयोग करून पाहिले, पण नाव पडायचं ते पडलं. धनगरवाड्यावर मी शेवटपर्यंत चुनासाहेबच राहिलो. माती आम्लधर्मी आहे हे कुणाला समजेना, तेव्हा मी ‘आंबट’ म्हणालो. त्यावर ठकूबाईंनी विचारलं, “चाखली व्हय तुमी?”

ठकूबाई पन्नाशीच्या होत्या. नवरा गेलेला, मुलगी खालच्या गावात दिलेली. म्हशी, दूध आणि जीभ या तीन गोष्टींवर त्यांचा संसार चालायचा. त्यांच्या पडवीत मला खाट मिळाली होती. दुपारी म्हशी ऐनांखाली बसल्या की त्याही तिथेच बसायच्या, कमरेची डबी काढून तंबाखू मळायच्या आणि चिमूटभर मलाही द्यायच्या. मिरजेत घरी कळलं असतं तर आईनं तोंडाला चुलीतला निखारा लावला असता. पण संशोधकानं लोकांत मिसळलं पाहिजे, असं मी स्वतःला समजावलं होतं.

प्रत्येक म्हशीचा ऐन ठरलेला होता. हा चांदीचा, तो गवळणीचा. चांदी मेल्यावर तिच्या ऐनाखाली दुसरी म्हैस दोन वर्षं बसली नव्हती, असं ठकूबाई सांगायच्या. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, अशिक्षितपणा, दुसरं काय.

पेरभर शहाणपण अंगात असलं की माणूस हातभर मिरवतो, त्यातला मी. मी चार तुकडे आखले होते. दोन उघड्यावर, दोन ऐनांखाली. दोन्हीकडे एकाला चुना, एकाला नाही. दर आठ दिवसांनी प्रत्येक तुकड्यात खड्डे खणायचे आणि गांडुळं मोजायची. ऐनांखाली गांडुळं निघत होती. चुना न घातलेल्या तुकड्यात बरी, घातलेल्यात त्याहून जास्त. पण तिकडे मी लक्षच देत नव्हतो. मला पाहिजे होतं ते उघड्यावरचा चुना घातलेला तुकडा देत नव्हता. तिथे चाळीस पोती खांद्यावरून चढवून ओतली होती, आणि पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्या आठवड्यात शून्य, तिसऱ्या आठवड्यात एक. तोही फावड्यानं तुटलेला, म्हणून दोन मोजावेत की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

त्या संध्याकाळी ठकूबाईंनी खरवसाची वाटी पुढे केली, तेव्हा मी ती हातात न घेता मोठ्ठा सुस्कारा टाकला.

“काय झालं वो?”

“काही नाही मावशी. उघड्यावर काडू नाही सापडले तर माझी नोकरी गेली.”

हे धादांत खोटं होतं. सर असलं काही बोलले नव्हते. मला फक्त कुणीतरी ‘अरेरे’ म्हणायला हवं होतं, आणि जमल्यास दुसरी वाटी. दोन्ही मिळालं.

“घरी कोण कोण हाय?” ठकूबाईंनी विचारलं.

“आई. आणि धाकटी बहीण आहे लग्नाची,” मी आवाज आणखी खाली नेत म्हणालो. बहीण तेव्हा सातवीत होती.

पुढच्या मोजणीला चुन्याच्या तुकड्यात सात काडू निघाले. त्यापुढच्या आठवड्यात एकोणीस. मग सव्वीस. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून एकट्यानंच टाळ्या पिटल्या. आणि काय गांडुळं ती! ऐनांखालची जाडी, मातकट, आळशी. ही मात्र सडपातळ, लालबुंद, बोटांत धरू म्हटलं तर धरवत नव्हती. विज्ञानात निरीक्षणाला महत्त्व असतं, म्हणून मी रंगाचीही नोंद केली. पानाला चुना लागला की तोंड रंगतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी वहीत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: ‘चुन्याच्या वापराने गांडुळांचा रंग खुलतो व चपळता वाढते.’ खाली दोन रेघा मारल्या.

मग सरांना पत्र लिहिलं, आणि उलट टपाली उत्तर आलं. गुरुवारी येतो, ड्रायव्हर बाबालालला डांबराचा डबा घेऊन आणतो, तोडायच्या झाडांवर आकडे टाकून घेऊ.

बुधवारी दुपारी ऐनांखाली मी ठकूबाईंना ही आनंदाची बातमी दिली.

“मावशी, तुमच्या कुरणाचं नशीब उघडलं. उघड्यावर काडू आले. आता झाडांची गरज नाही. काढून टाकायची.”

तंबाखू मळणारा त्यांचा अंगठा थांबला.

“कंची झाडं?”

“ही. सगळी.”

“ऐन?”

“नऊच्या नऊ. मग नांगर फिरेल, नवं गवत येईल, कमरेएवढं.”

त्यांनी वर पाहिलं. मग म्हशींकडे पाहिलं. मळलेली तंबाखू त्यांनी तोंडात टाकली नाही. तशीच खाली झटकली.

“आन् चैतात माझ्या म्हशींनी हुबं ऱ्हायाचं कुठं? तुमच्या गवताखाली?”

“मावशी, हे शास्त्र आहे. काडू मोजलेत मी.”

“ते काडू मी टाकले,” ठकूबाई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मी हसलो. त्यांनी सगळं सांगितलं. गोठ्यामागच्या उकिरड्यात, शेणाच्या ओलीत, काडवांचा बुजबुजाट होता. मोजणीच्या दिवशी फटफटताच त्या टोपलीभर काडू उकिरड्यातून उकरायच्या आणि मी आखलेल्या दोऱ्याच्या आत जागोजागी ओल्या मातीत पुरायच्या. मला तासाभरात तेच मिळायचे, रंग खुललेले आणि चपळ.

“तुमची नोकरी जातीया म्हणालासा,” त्या म्हणाल्या. “मला काय ठावं, माझीच झाडं जातील म्हणून?”

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्या लाल गांडुळांबद्दल मी सरांना दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यात ‘अभूतपूर्व’ हा शब्द तीन वेळा होता. मग आमच्यात आणखी दोन वाक्यं झाली. ती मी गेली कित्येक वर्षं कुणाला सांगितलेली नाहीत. आज सांगणार आहे, पण ती माझ्या तोंडून बाहेर पडली नाहीत तर बरं, म्हणून जिच्या तोंडून ती पहिल्यांदा चारचौघांत बाहेर पडली, तिलाच बोलू देतो.

गुरुवारी दहाला जीप आली. मुतालिक सर उतरले, बारीक चणीचे, पायांत कॅनव्हासचे बूट. मागून ड्रायव्हर बाबालाल डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन उतरला आणि सरळ कडेच्या ऐनाकडे गेला. मी त्याला थांबवलं नाही. त्यानं सालीवर झोकात ‘१’ काढला.

“दाखवा, कुंभोजकर,” सर म्हणाले.

मी चुन्याच्या तुकड्यात पहिला खड्डा खणला. माती चाळली, पुन्हा चाळली. काही नाही. दुसरा खणला. मुंग्या. तिसऱ्यात माझ्या कपाळावरचा घाम पडला, तेवढीच ओल. वरून ऊन रणरणत होतं. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते आणि उघडी माती वीट झाली होती. सर काही बोलले असते तर मी काहीतरी थाप मारली असती.

तेवढ्यात गोठ्याकडून ठकूबाई आल्या. डोक्यावर शेणाची टोपली. कुरणाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तोऱ्यात चालत आल्या आणि माझ्या खड्ड्याशी थांबल्या.

“उशीर झाला वो साहेब. गवळण अडली हुती. घ्या.”

आणि टोपली खड्ड्यात पालथी केली. शेण, पालापाचोळा आणि पाचपन्नास लालबुंद काडू वळवळत माझ्या पायांवर पडले.

सरांनी वाकून एक उचलला, तळहातावर ठेवून पाहिला. “हा उकिरड्यातला आहे.”

“व्हय,” ठकूबाई म्हणाल्या.

“बाई, हे तुम्ही कधीपासून टाकताय?”

“म्हैना झाला. ह्यो म्हणाला, काडू न्हाई गावले तर नोकरी जातीया. घरी लगनाची भैन हाय.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “मी असं म्हणालो होतो?”

“नाही सर.”

“बहीण?”

“सातवीत आहे सर.”

बाबालाल खोकला. सर पुन्हा ठकूबाईंकडे वळले. “आणि आज कशासाठी आणलेत?”

“आज व्हय? आज ह्येंनीच सांगितलं. म्या काल समदं वकून टाकलं. म्हटलं, काडू माझे हाईत, झाडास्नी हात लावू नगा. तर म्हणालं, मावशी, कुणाला बोलू नका, उद्या सर येत्यात, तेवढं एक डाव टाका.”

हीच ती दोन वाक्यं. खोटं एकही अक्षर नव्हतं. त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजूनही तेवढीच ताजी आहे. दुसऱ्यानं मला फसवलं असतं तर चाललं असतं. बाईनं माझ्यावर दया केली होती, आणि त्या दयेनं तिची झाडं चालली आहेत हे समजल्यावरही मी तिच्याकडे आणखी टोपलीभर दया मागितली होती.

“वही,” सर म्हणाले.

मी दिली. त्यांनी पानं उलटली, एका पानावर थांबले, वही माझ्याकडे परत केली. “हे वाचा. मोठ्यानं.”

मी वाचलं. “चुन्याच्या वापराने गांडुळांचा रंग खुलतो व चपळता वाढते.”

बाबालालनं डांबराचा डबा खाली ठेवला आणि झाडाकडे तोंड करून खांदे हलवत राहिला. ठकूबाईंनी विचारलं, “काय म्हणालं त्यो?” सरांनी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

मग सर स्वतः फावडं घेऊन ऐनाखाली गेले. चुना न घातलेल्या तुकड्यात खणलं. वर पाल्याचा कुजका थर, खाली काळसर, भुसभुशीत माती. त्या माझ्या आळशी, मातकट गांडुळांनी खड्ड्याच्या भिंती विणल्यासारख्या केल्या होत्या. चुना घातलेल्या तुकड्यात त्याहून दाट. सरांनी ती मूठभर माती बोटांत चुरून पाहिली.

“हे आकडे तुमच्या वहीत आहेत?”

“आहेत सर. पण ते…” मी थांबलो. ते आपल्याला नको होते, असं म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

सरांनी घाम पुसला आणि सावलीत टेकले. ठकूबाईंनी सवयीनं कमरेची डबी काढली, तंबाखू मळली आणि सरांपुढे धरली. सरही खाणारे निघाले. तोंडात टाकून दोन क्षणांनी म्हणाले, “चुना सुरेख आहे. अजिबात भाजत नाही.”

आता तरी आपली काही बाजू वर येईल म्हणून मी लगबगीनं म्हणालो, “आपल्याच पोत्यातला आहे सर. मीच दिला होता मावशींना.”

“त्यो? त्यो गोठ्याच्या भिताडाला फासला,” ठकूबाई म्हणाल्या. “त्यानं माझी जीभ सोलून निघाली हुती. ह्यो चुना ह्या झाडाचा.”

“कुठल्या झाडाचा?” सरांनी विचारलं.

“ह्योच की, ऐन. ह्याची साल जाळायची, राख पाण्यात कालवायची. झाला चुना. माझी सासू बी ह्योच खायाची. पैलं चुना कोण आणून देतंय डोंगरात?”

सर वर बघायला लागले. मीही बघितलं. नऊ ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल, आणि खाली दरवर्षी पडणारा पाला. मुळांनी खोलातून उपसलेला चुना ही झाडं कित्येक वर्षं सालीत साठवत होती, पानांतून कुरणावर सांडत होती. मी त्या चुन्याबरोबर दोन महिने तंबाखू खात होतो. आणि चाळीस पोती खांद्यावरून चढवून त्या झाडांना हटवायला निघालो होतो.

“बाबालाल,” सर म्हणाले, “डब्याला झाकण लावा.”

मग माझ्याकडे वळले. काय बोलणार हे मला ठाऊक होतं. मी पायांवरचं शेणही झटकलं नव्हतं. तेवढ्यात ठकूबाई मध्ये आल्या.

“मोठं साहेब, ह्येला काढू नगा. चूक माझी बी हाय. आन् एक सांगू? ह्येला मोजाय चांगलं येतंय. त्या आठवड्याला सव्वीस टाकले हुते, सव्वीसच्या सव्वीस काढले. एक बी सुटला न्हाई.”

माझ्या आयुष्यात माझी जी काही शिफारस झाली असेल, त्यातली ही पहिली आणि सर्वांत खरी.

सर हसले नाहीत. “ठीक आहे,” ते म्हणाले. “मोजता येतं ना? मग तीन वर्षं इथेच मोजा. चारही तुकडे. आणि वहीत रंगाबद्दल काही लिहू नका.”

जीप उताराला लागल्यावर मी ठकूबाईंना शोधत गेलो. त्या कडेच्या ऐनाशी होत्या. डांबराचा ‘१’ पुसला जाईना, म्हणून गोठ्यातून माझ्या पोत्यातला उरलेला चुना कालवून आणला होता आणि त्यावर फासत होत्या. चाळीस पोत्यांतला तेवढा चुना जागच्या जागी लागला.

माफी मागायची होती, पण मी तेवीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात माफीच्या आधी तक्रार तोंडात येते.

“मावशी, सगळ्यांसमोर का आणलीत टोपली? लवकर येऊन टाकली असती तर—”

त्यांनी हात थांबवला नाही. आकड्यावर चुन्याचा आणखी एक हात फिरवला.

“तुमी म्हणालासा आणा, म्हणून आणली,” ठकूबाई म्हणाल्या. “झाकून आणा, असं कुठं म्हणालासा?”